एम.ए. राहू द्या, आधी दहा पानं इंग्रजीत करून घ्या

‘भाऊ, नमस्कार. मी चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय 43. कथा लिहिते. 2019 साली एक संग्रह निघाला, पण छपाईचा खर्च माझाच होता. दिवाळी अंकांतून सात-आठ कथा आल्या आहेत. माझ्या कथांतली माणसं अहिराणीत बोलतात. परदेशातल्या रायटर्स रेसिडेन्सीबद्दल मैत्रिणीकडून कळलं. तिथं राहायला खोली मिळते, जेवण मिळतं आणि लिहीत बसायचं, एवढंच काम. पण नियमांत म्हणे प्रकाशित लेखक हवा, इंग्रजी यायला हवं. पुण्याचा भाचा म्हणतो, एम.ए. झाल्याशिवाय कोणी विचारणार नाही, मुक्त विद्यापीठात नाव टाक. मध्येच युरोपातून एक मेल आला: तुमची निवड झाली आहे, चौदाशे युरो भरा. मी तर अर्जच केलेला नाही! घरचे विचारतात, तिकडे गेल्यावर कायमचं राहता येतं का. मुलगी यंदा दहावीला आहे. मी पात्र आहे का?’

ताई,

बऱ्याच ठिकाणी तुम्ही पात्र आहात. तुम्ही ज्या गोष्टींना बिचकताय त्यांतल्या निम्म्या कुठल्याच नियमात नाहीत. आणि जिथं तुमचं गाडं खरोखर अडेल, ती गोष्ट तुम्ही पत्रात अडचण म्हणून मांडलेलीच नाही. ती तुमच्या नोकरीची. तिच्याकडे येतोच, पण आधी भाच्याचा समाचार घेऊ.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात मॅकडॉवेल नावाचं ठिकाण आहे. 1907 पासून चालू आहे, आणि जगभरचे लेखक, चित्रकार, संगीतकार तिथं अर्ज करतात. तिथली एक अट अशी, की अर्ज करताना जो पदवीच्या किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नोंदलेला असेल, त्याला अर्ज करता येत नाही. म्हणजे आज भाच्याचं ऐकून एम.ए.ला नाव घातलंत, तर आज पात्र असलेल्या तुम्ही उद्या अपात्र ठराल. ही अट एकट्या मॅकडॉवेलची नाही, अशा अनेक ठिकाणी ती असते. विद्यार्थ्याला ग्रंथालय, मार्गदर्शक, वेळ हे सगळं कॉलेज देतं, मग नोकरी-संसारातून वेळ चोरून लिहिणाऱ्याची खोली त्याला कशाला द्यायची, असा त्यामागचा हिशेब आहे. मला तो पटतो. रेसिडेन्सीच्या अर्जात पदवीचा रकाना असलाच तर कोपऱ्यात असतो. निवड होते ती पाठवलेल्या मजकुरावर. एम.ए. हौसेनं करायचं असेल तर खुशाल करा, फक्त अर्जाच्या वर्षी नको.

आता ‘प्रकाशित लेखक’ म्हणजे कोण ते पाहू. इथं नियमाचं मूळ वाक्य वाचायचं, कोणी सांगितलेलं नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम या क्षेत्रातला सगळ्यांत जुन्या-जाणत्यांपैकी. त्याची अट अशी आहे, की निदान एक पुस्तक प्रसिद्ध झालेलं असावं, किंवा गेल्या दोन वर्षांत महत्त्वाच्या नियतकालिकांतून लेखन आलेलं असावं. त्यातला ‘किंवा’ आपले लोक हमखास गाळतात. पुस्तक नाही म्हणून अर्ज न करणारे पाच-सहा जण तर एकट्या जळगाव शहरात मला माहीत आहेत, आणि त्यांच्या कथा-कविता दर दिवाळीला चार-चार अंकांत असतात.

तुमच्या संग्रहाचा प्रश्न थोडा नाजूक आहे. काही ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं असतं, की स्वखर्चानं काढलेलं पुस्तक धरलं जाणार नाही. तिथं ते पुस्तक पात्रतेसाठी पुढे करू नका, आणि लपवूही नका. परिचयात एका ओळीत नोंद करा आणि पात्रता दिवाळी अंकांवर उभी करा. फक्त एक लक्षात घ्या: समोर वाचणाऱ्या परीक्षकाला दिवाळी अंक हा प्रकार ठाऊक नसतो. त्याला ते सणाचं जाहिरातपत्रक वाटू शकतं. म्हणून लिहा, की ही वार्षिक साहित्य अंकांची परंपरा आहे, ती का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’नं 1909 मध्ये सुरू केली, आणि त्यातलं लेखन संपादक निवडून घेतात. एवढ्या दोन ओळींनी तुमच्या सात-आठ कथांचं वजन पालटतं. प्रत्येक कथेपुढे अंकाचं नाव आणि साल हवंच. अंक माळ्यावर असतील तर खाली काढा, मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकेचे नीट फोटो घेऊन ठेवा, वाळवी वाट पाहत नाही.

दुसरा संग्रह काढायच्या विचारात असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, घ्या. तो आपल्याकडे केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून फुकट मिळतो. ‘आयएसबीएनचे वेगळे’ म्हणून पैसे मागणारा प्रकाशक भेटला, तर तिथून उठा.

तसं पाहिलं तर ‘निदान एक प्रकाशित पुस्तक’ या अटीत आसोद्याच्या बहिणाबाई कधीच बसल्या नसत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्या 1951 मध्ये गेल्या आणि गाणी पुस्तकरूपानं आली ती 1952 मध्ये. नियम करणाऱ्यांना कुठेतरी रेघ मारावी लागते हे मान्य, पण रेघेच्या पलीकडे कोण राहतं हे आपल्या भागाला चांगलं ठाऊक आहे.

आयोवाचं नाव निघालं म्हणून सांगतो, तिथं थेट फॉर्म भरून जाण्याची रीत नव्हतीच. 1967 मध्ये पॉल एंगल आणि न्ये ह्वालिंग या दोघांनी तो कार्यक्रम सुरू केला. आपल्याकडून दिलीप चित्रे 1975 मध्ये तिथं गेले होते. बहुतेक लेखकांची नावं त्या-त्या देशातला अमेरिकी दूतावास सुचवायचा आणि खर्च अमेरिकेचं परराष्ट्र खातं द्यायचं. 2025 च्या सुरुवातीला त्या खात्यानं हा निधी काढून घेतला, त्यामुळे त्या वाटेच्या जागा गेल्या. कार्यक्रम इतर पैशांवर चालू राहिला, पण लहान झाला. ‘आयोवाचा अर्ज भरून देतो, इतके पैसे द्या’ असं कोणी म्हणालं, तर तो काय विकतोय ते ओळखा. तुमच्यासारखीनं पहिली दोन-तीन वर्षं थेट अर्ज घेणाऱ्या ठिकाणांवरच लक्ष द्यावं असं माझं मत आहे. मॅकडॉवेल आहेच. न्यूयॉर्क राज्यातलं आर्ट ओमाय आहे. तिथं राहणं-जेवण ते पाहतात, विमानाचं भाडं आपलं आपण. विमानभाडं कोण देणार ही ओळ प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा शोधा, कारण शिक्षकाच्या पगाराला ती ओळ पात्रतेच्या अटीइतकीच लागू पडते.

इंग्रजीकडे येऊ. तुम्ही चौथीला इंग्रजी शिकवता ना? महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीला इंग्रजी आहे, म्हणजे जिल्हा परिषदेचा प्रत्येक शिक्षक कागदोपत्री तरी इंग्रजीचा शिक्षक आहे. पण थट्टा पुरे. नियमात इंग्रजी दोन वेगळ्या कारणांनी येतं आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक म्हणजे तुमचा नमुना मजकूर परीक्षकांना वाचता यावा. दुसरं म्हणजे तिथं गेल्यावर दहा देशांच्या माणसांबरोबर जेवताना, चर्चेत, चुलीपाशी बोलता यावं. पहिल्याला अनुवाद लागतो, तुमचं स्वतःचं इंग्रजी नाही. दुसऱ्यासाठी आयईएलटीएससारखी इंग्रजीची परीक्षा सहसा कोणी मागत नाही. फार तर व्हिडिओवर बोलतात. आयोवासारख्या ठिकाणी मात्र ही अट खरी असते, कारण तिथं व्याख्यानं द्यावी लागतात. तेव्हा स्वतःची परीक्षा स्वतःच घ्या. आपल्या एका कथेविषयी, अडखळत का होईना, अर्धा तास इंग्रजीत बोलता येतं का? येत असेल तर रकान्यात ‘होय’ लिहा. येत नसेल तर एक वर्ष द्या, आणि भाच्याला एम.ए.च्या सल्ल्याऐवजी आठवड्यातून दोनदा फोनवर इंग्रजीत बोलायला लावा. त्याचा तेवढा तरी उपयोग होईल.

खरं काम अनुवादाचं आहे आणि माझ्या लेखी सगळ्या अर्जाचा जीव त्यातच आहे. साधारण दहा ते वीस पानं मागतात. सगळा संग्रह इंग्रजीत करायची गरज नाही. एकच कथा घ्या, आणि ती निवडताना गावात कोणाला आवडली हे पाहू नका. जी कथा तुम्हाला परत वाचताना कुठेही थांबावंसं वाटत नाही, ती घ्या. मोबाईलवर मशीनकडून केलेला अनुवाद पाठवू नका. अहिराणी संवादांची तर तो सरळ माती करतो: आजीही शहरी बोलते, सालदारही शहरी बोलतो, आणि कथेतला सगळा ताण निघून जातो. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात किंवा धुळे-जळगावच्या एखाद्या कॉलेजच्या इंग्रजी विभागात अनुवादाची आवड असलेलं, घरात अहिराणी असलेलं माणूस शोधा. घरात अहिराणी हवीच, ही अट मात्र माझी. त्यांना मानधन द्या, नाव द्या. नमुन्यावर अनुवादकाचं नाव न लिहिणं म्हणजे चोरीच. शिवाय संग्रहाच्या वेळी प्रकाशकानं तुमच्याकडून काही कागदावर सही घेतली असेल तर तो काढून वाचा, अनुवादाचे हक्क कोणाकडे आहेत ते बघा.

लिहिण्याची भाषा कोणती, या रकान्यात ‘मराठी आणि अहिराणी’ असं दोन्ही लिहा. 2011 च्या जनगणनेत खान्देशी ही, अहिराणी तिच्यातच धरून, वेगळी भाषा म्हणून नोंदलेली आहे आणि ती मातृभाषा सांगणारे अठरा लाखांच्या वर आहेत. इथं बोली की भाषा हा आपल्याकडचा जुना वाद काढायची जागा नाही. तो वाद घाला, जरूर घाला, पण गावात.

मग येतो हेतू सांगायचा भाग: तिथं राहून काय लिहिणार. आलेली पत्रं वाचून सांगतो, नव्वद टक्के लोक इथं ‘निसर्गरम्य वातावरणात लेखनाला प्रेरणा मिळेल’ असं काहीतरी लिहितात. असलं वाक्य कोणत्याही देशातल्या परीक्षकाला झोप आणतं. तुम्ही पत्राच्या मागच्या पानावर ओझरतं लिहिलंय, की आखाजीला माहेरी आलेल्या बायका झोक्यावर म्हणायच्या ती गाणी आणि त्यांतली एकेक बाई घेऊन एक कथामाला मनात आहे. तोच तुमचा प्रकल्प! किती कथा, त्यांतल्या किती लिहून झाल्या, तिथल्या चार आठवड्यांत कोणत्या दोन पुऱ्या करायच्या, एवढं साध्या शब्दांत मांडा. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया हे एका वाक्यात सांगून पुढे जा, संस्कृतीवर निबंध नको.

शिफारसपत्रं बहुधा दोन लागतात. आमदारांचं नको, सभापतींचं नको, शिक्षणाधिकाऱ्यांचं तर नकोच. तुमची कथा छापणारा संपादक, आणि तुमचं लेखन खरोखर वाचलेला एखादा लेखक किंवा प्राध्यापक, एवढे दोघे पुरेत. लेटरहेड जितकं भरजरी, तितकं आतलं पत्र पोकळ असतं.

आता नोकरी. इथं जरा सावकाश वाचा.

पासपोर्ट नसेल तर आजच सुरुवात करा. त्यासाठी कार्यालयाच्या ना-हरकतीची वाट पाहत बसायची गरज नाही. मी पासपोर्टसाठी अर्ज करत आहे, असं कार्यालयाला कळवल्याचं पूर्वसूचना पत्र चालतं. पण पासपोर्ट मिळणं वेगळं आणि परदेशी जाण्याची परवानगी वेगळी. ती गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत वर जाते आणि तिला लागायचा तो वेळ लागतोच. उन्हाळी सुट्टीत जायचं असलं तरी ती लागते, ‘सुट्टी माझी, मी कुठेही जाईन’ हे सेवानियमांत चालत नाही. एक महिन्याची रेसिडेन्सी मे महिन्यात बसते. त्याहून मोठी असेल तर खात्यावर अर्धवेतनी रजा किती साठली आहे ते सेवापुस्तकात बघा, शिक्षकाला वर्षाला वीस दिवस मिळतात. तीही पुरली नाही तर बिनपगारी असाधारण रजा, पण ती देणं न देणं वरच्यांच्या हातात.

आणि एक कायदा असा आहे, जो परदेशी निघालेल्या लेखक-शिक्षकांपैकी फार थोड्यांना माहीत असतो. विदेशी अंशदान नियमन कायदा, 2010. त्याचं सहावं कलम विदेशी पाहुणचाराबद्दल आहे. परदेशी संस्था तुमचं विमानभाडं देते, किंवा फुकट राहायला-जेवायला घालते, तर कायद्याच्या लेखी तो विदेशी पाहुणचार झाला. सरकारी नोकरानं आणि सरकारच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या संस्थेच्या कर्मचाऱ्यानं तो केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आगाऊ परवानगीशिवाय घ्यायचा नाही. जिल्हा परिषदेच्या नोकरीला हे लागू आहे असं धरूनच चाला. अर्ज एफसी-2 या नमुन्यात, ऑनलाइन, सोबत निमंत्रणाचं पत्र जोडून करायचा आणि प्रवासाच्या निदान दोन आठवडे आधी तो पोचला पाहिजे. मी म्हणेन दोन महिने आधी. खाजगी नोकरीतल्या किंवा शेती करणाऱ्या लेखकाला हे काही नाही. तुम्हाला आहे, म्हणून निवडीचं पत्र येताच पेढे वाटायच्या आधी दोन्ही परवानग्यांचे अर्ज टाका. रेसिडेन्सीवाल्यांना तारखा पक्क्या करताना स्पष्ट सांगा, की मी सरकारी सेवेत आहे, मला अधिकृत निमंत्रणपत्र अमुक तारखेपर्यंत हवं. त्यांना अशा पत्रांची सवय असते.

चौदाशे युरोच्या मेलबद्दल एवढंच, की अर्ज न करता निवड होत नाही. तो मेल पुसून टाका. अर्जाची थोडी फी बऱ्याच चांगल्या संस्था घेतात, त्यात काही गैर नाही. खोलीचं भाडं घेणाऱ्या संस्थाही असतात आणि त्यातल्या काही प्रामाणिकही असतात, पण भाडं देऊन राहणं म्हणजे निवड होणं नव्हे. तेवढ्या पैशांत तोरणमाळला महिनाभर राहून लिहून होईल, आणि शिल्लक उरेल.

वयाची अट काही ठिकाणी पस्तिशीची असते, ती जाहिरातीत ठळक असते, तिथं वेळ घालवू नका. बाकी ‘नवोदित’ हा शब्द दिसला म्हणून मागे सरू नका. तो बहुधा पुस्तकांच्या संख्येवर ठरतो, केसांच्या रंगावर नाही. नवरा-मुलांना सोबत नेता येत नाही, असं बहुतेक ठिकाणी आहे. शाकाहारी असाल तर फॉर्ममध्येच लिहा.

घरच्यांच्या शंकेचं उत्तर ‘नाही’ असं आहे. तिथं कायमचं राहता येत नाही. युरोपातल्या शेंगेन देशांत अल्प मुदतीच्या व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, आणि त्यासाठी निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेपुढे तीन महिने तरी चालू हवा. अमेरिकेत जे-1 व्हिसावर, म्हणजे देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांसाठी मिळतो त्या व्हिसावर, सरकारी पैशानं गेलात, तर उलटाच नियम लागतो: परत येऊन दोन वर्षं मायदेशी काढल्याशिवाय तिकडच्या नोकरीचा किंवा स्थायिक होण्याचा व्हिसा मिळत नाही. तुम्हाला तसंही परत यायचंच आहे, पण ही ओळ घरी मोठ्यानं वाचून दाखवा, सासरचे निश्चिंत होतील.

मुलीच्या दहावीचं सांगतो. बहुतेक ठिकाणी अर्ज आणि प्रत्यक्ष जाणं यांत आठ-दहा महिन्यांचं अंतर असतं, म्हणजे आता केलेल्या अर्जाला यश आलं तरी तुम्ही निघाल तेव्हा तिची परीक्षा केव्हाच उरकलेली असेल. तोवर या दिवाळीच्या सुट्टीत अनुवादासाठी कथा निवडा आणि पासपोर्टचं पूर्वसूचना पत्र शाळेत देऊन पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका, तोंडी ‘दिलंय’ला नंतर कोणी ओळखत नाही.